माइंड आहार

माइंड आहार ही वृद्धापकाळातील बोधनक्षमतेचा ऱ्हास मंदावावा आणि स्मृतिभ्रंशाचा धोका कमी व्हावा या हेतूने आखलेली आहारपद्धती आहे. अमेरिकेतील शिकागो येथील रश विद्यापीठाच्या साथरोगशास्त्रज्ञ मार्था क्लेअर मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २०१५ साली मांडली. ‘माइंड’ हे ‘मेडिटरेनियन–डॅश इंटरव्हेन्शन फॉर न्यूरोडीजनरेटिव्ह डिले’ या लांबलचक इंग्रजी नावाचे आद्याक्षरी रूप आहे. भूमध्य सागरी प्रदेशातील पारंपरिक आहार आणि उच्च रक्तदाबासाठी तयार केलेला डॅश आहार यांच्या मिश्रणातून ही पद्धती तयार झाली.

हा आहार काटेकोरपणे पाळणाऱ्या वृद्धांमध्ये अल्झायमरच्या आजाराचा धोका ५३ टक्क्यांनी कमी आढळला, या २०१५ च्या निष्कर्षामुळे माइंड आहाराचे नाव जगभर पोहोचले. मात्र २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या तीन वर्षांच्या यादृच्छिक नियंत्रित चाचणीत माइंड आहार घेणारा गट आणि तुलनेसाठीचा गट यांच्या बोधनक्षमतेत लक्षणीय फरक आढळला नाही. लोकप्रिय लेखनात पहिला निष्कर्ष वारंवार येतो, दुसरा क्वचितच. हे दोन्ही निष्कर्ष वेगवेगळ्या प्रकारच्या अभ्यासांतून आलेले असल्यामुळे ते एकत्र वाचणे आवश्यक ठरते.

पूर्वपीठिका

मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के असते, पण विश्रांतीच्या अवस्थेत शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के ऊर्जा तो एकटाच वापरतो. हा पुरवठा अखंड राहण्यासाठी त्याला निरोगी रक्तवाहिन्यांची गरज असते. उच्च रक्तदाब, मधुमेह आणि रक्तातील अतिरिक्त कोलेस्टेरॉल यांमुळे हृदयाच्या रक्तवाहिन्यांप्रमाणेच मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचीही हानी होते. वृद्धांच्या मेंदूत अल्झायमरच्या आजाराच्या खुणा आणि रक्तवाहिन्यांच्या विकाराच्या खुणा बहुधा एकत्रच सापडतात. त्यामुळे हृदयाला हितकर ठरलेला आहार मेंदूलाही हितकर असावा, हा तर्क संशोधकांना स्वाभाविक वाटला.

या तर्काला दोन आहारांचा आधार होता. पहिला भूमध्य सागरी आहार. ॲन्सेल कीज यांच्या सात देशांच्या अभ्यासामुळे क्रीट बेटासह त्या प्रदेशातील खाद्यपरंपरेकडे वैद्यकाचे लक्ष गेले. ऑलिव्ह तेल, भाज्या, फळे, कडधान्ये, अखंड धान्ये व मासे भरपूर, आणि मांस व लोणी कमी, अशी या आहाराची सर्वसाधारण रचना आहे. दुसरा डॅश आहार. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत ४५९ प्रौढांना ठरावीक अन्न पुरवून त्यांच्या रक्तदाबाची मोजणी करण्यात आली. फळे, भाज्या आणि कमी स्निग्धांशाचे दुग्धजन्य पदार्थ यांवर भर देणाऱ्या आहाराने काही आठवड्यांतच रक्तदाब घटला. उच्च रक्तदाब असलेल्यांमध्ये वरचा दाब तुलना गटापेक्षा सरासरी ११ मिलिमीटरहून अधिक उतरला.

या दोन्ही आहारांची आखणी मेंदूला समोर ठेवून झालेली नव्हती. मॉरिस यांनी शिकागोतील वृद्धांच्या अभ्यासांतून नेमक्या याच प्रश्नाचा पाठपुरावा केला होता. आठवड्यातून एकदा तरी मासे खाणाऱ्या वृद्धांमध्ये अल्झायमरचा आजार कमी आढळतो, हा त्यांचा निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर पालेभाज्या अधिक खाणाऱ्यांमध्ये स्मरणशक्तीचा ऱ्हास मंद असल्याचे त्यांच्या गटाने नोंदवले. एकूण फळांच्या बाबतीत मात्र असा संबंध दिसला नाही. अपवाद होता तो बेरीवर्गीय फळांचा. अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घकालीन अभ्यासातील सत्तरी गाठलेल्या सुमारे १६,००० स्त्रियांच्या माहितीवरून २०१२ साली असे मांडले गेले की, ब्लूबेरी व स्ट्रॉबेरी अधिक खाणाऱ्यांमध्ये बोधनक्षमतेचे वार्धक्य अडीच वर्षांपर्यंत लांबलेले दिसते. अशा सुट्या निरीक्षणांच्या आधारे भूमध्य सागरी आणि डॅश या आहारांतील घटकांची निवड करून माइंड आहार सिद्ध झाला.

नावातील साम्यामुळे एक गफलत संभवते. २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेली ‘स्प्रिंट माइंड’ ही चाचणी रक्तदाबाच्या औषधोपचाराविषयीची होती. तिचा या आहाराशी काहीही संबंध नाही.

रचना आणि गुणांकन

माइंड आहारात पंधरा घटक असून त्यांतील दहा मेंदूला हितकर आणि पाच अहितकर मानलेले आहेत. प्रत्येक घटकाला शून्य, अर्धा किंवा एक गुण मिळतो. ऑलिव्ह तेलाला मात्र अर्धा गुण नाही. ते घरातील मुख्य तेल असेल तर एक, अन्यथा शून्य. कमाल गुण पंधरा.

हितकर घटकांत हिरव्या पालेभाज्यांना पहिले स्थान आहे. पूर्ण गुणासाठी त्यांची आठवड्यातून किमान सहा वाढपे अपेक्षित आहेत. एक वाढप म्हणजे साधारण एक कप कच्ची किंवा अर्धा कप शिजवलेली भाजी. याशिवाय दररोज एखादी अन्य भाजी, दिवसाला तीन वाढपे अखंड धान्ये, आठवड्यातून पाच वेळा बदाम-अक्रोडासारखी कवचफळे, तीनहून अधिक वेळा कडधान्ये, दोन वेळा बेरी, दोन वेळा कोंबडी आणि एकदा मासे असे प्रमाण दिलेले आहे. तळलेले मासे व तळलेली कोंबडी यांत धरली जात नाही. दहावा घटक आहे दिवसाला एक पेला वाइन.

अहितकर पाच घटकांत तांबडे मांस, लोणी व मार्गारिन, चीज, केक-पेस्ट्री व मिठाया, आणि तळलेले वा झटपट खाद्यपदार्थ यांचा समावेश होतो. हे पदार्थ पूर्णपणे वर्ज्य नाहीत, त्यांना मर्यादा घातलेली आहे. लोणी दिवसाला एका मोठ्या चमच्याहून कमी, चीज व तळलेले पदार्थ आठवड्यातून एकदाही नाही किंवा जेमतेम, मिठाया आठवड्यातून पाचांहून कमी, तांबडे मांस चारांहून कमी.

मूळ आहारांशी तुलना केल्यास काय गाळले गेले हेही लक्षात येते. डॅश आहारातील दुग्धजन्य पदार्थांचा आग्रह येथे नाही, भूमध्य सागरी आहारातील बटाट्यांना व आठवड्यातून सहाहून अधिक वेळा मासे खाण्याला येथे स्थान नाही, आणि दिवसाला तीन-चार फळांची अपेक्षाही नाही. त्यामुळे माइंड आहार पाळायला तुलनेने सोपा ठरतो. डॅश आहाराचा जन्म रक्तदाबाच्या प्रश्नातून झाला असूनही माइंड आहाराच्या गुणांकनात मिठाचा स्वतंत्र विचार केलेला नाही, ही त्याची एक उणीव म्हणावी लागेल.

वाइनचा घटक हा या आहाराचा सर्वांत वादग्रस्त भाग ठरला. माफक मद्यपान करणाऱ्यांमध्ये आजार कमी आढळतात, या जुन्या निरीक्षणांवर तो आधारलेला होता. त्या निरीक्षणांतील एक दोष पुढे स्पष्ट झाला. मद्य न घेणाऱ्यांच्या गटात प्रकृती बिघडल्यामुळे ते सोडून दिलेले लोकही मोजले जात होते. मद्यपानाची कोणतीही पातळी आरोग्यासाठी सुरक्षित मानता येत नाही, असे निवेदन जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये केले. मेंदूच्या रक्षणासाठी मद्य सुरू करण्याचा सल्ला आज दिला जात नाही.

रश अभ्यासातील निष्कर्ष

माइंड आहाराची पहिली पारख ‘रश मेमरी अँड एजिंग प्रोजेक्ट’ या अभ्यासात झाली. १९९७ पासून चालू असलेल्या या अभ्यासात शिकागो परिसरातील निवृत्तांच्या वसाहतींत व वृद्धांसाठीच्या घरांत राहणारे लोक सहभागी होतात. दरवर्षी त्यांच्या बोधनक्षमतेच्या चाचण्या घेतल्या जातात आणि मृत्यूनंतर मेंदू अभ्यासासाठी देण्यास त्यांनी संमती दिलेली असते.

आहाराची माहिती १४४ पदार्थांच्या प्रश्नावलीतून घेण्यात आली. ५८ ते ९८ वर्षे वयाच्या ९२३ सहभागींचा सरासरी साडेचार वर्षे पाठपुरावा झाला. या काळात १४४ जणांना अल्झायमरचा आजार झाला. (पदार्थांची संख्या आणि रुग्णांची संख्या सारखीच असणे हा निव्वळ योगायोग.) गुणांनुसार सहभागींचे तीन गट पाडले असता सर्वाधिक गुणांच्या गटात सर्वांत कमी गुणांच्या गटापेक्षा आजाराचा धोका ५३ टक्क्यांनी कमी आढळला, तर मधल्या गटात ३५ टक्क्यांनी. भूमध्य सागरी आहाराच्या वरच्या गटातही धोका ५४ टक्क्यांनी आणि डॅश आहाराच्या वरच्या गटात ३९ टक्क्यांनी कमी होता, परंतु या दोन आहारांच्या मधल्या गटांत लक्षणीय घट नव्हती. माइंड आहार अर्धवट पाळला तरी लाभ होतो, हे विधान या एका फरकावर आधारलेले आहे.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या शोधनिबंधात ९६० सहभागींच्या बोधनक्षमतेच्या ऱ्हासाचा वेग तपासला गेला. वरच्या आणि खालच्या गटांतील फरक साडेसात वर्षांच्या वयाच्या अंतराइतका भरला. २०१८ साली याच समूहात केवळ पालेभाज्यांचा विचार करण्यात आला. दिवसाला सुमारे एक वाढप पालेभाजी खाणारे आणि जवळजवळ न खाणारे यांच्या ऱ्हासाच्या वेगातील अंतर अकरा वर्षांच्या वयाइतके आढळले. जीवनसत्त्व के, ल्युटीन, फोलेट व नायट्रेट या पालेभाज्यांतील घटकांचाही मंद ऱ्हासाशी संबंध दिसला.

२०२३ साली ५८१ दिवंगत सहभागींच्या मेंदूंच्या परीक्षणाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मृत्यूसमयी त्यांचे सरासरी वय ९१ वर्षे होते. माइंड किंवा भूमध्य सागरी आहाराचे गुण अधिक असलेल्यांच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा, विशेषतः अमायलॉइड या प्रथिनाचे थर, कमी होते. आजाराचे निदान चुकू शकते, पण सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे थर चुकत नाहीत. त्यामुळे या पुराव्याला वेगळे वजन आहे. तरीही हे लोक पालेभाजी खात होते म्हणून थर कमी होते, की ज्यांच्या मेंदूत थर कमी होते तेच उतारवयातही स्वतः बाजारहाट व स्वयंपाक करून नीट जेवू शकत होते, याचे उत्तर शवविच्छेदनातूनही मिळत नाही.

२०२३ ची यादृच्छिक चाचणी

निरीक्षणात्मक अभ्यासांची ही मर्यादा ओलांडण्यासाठी मॉरिस यांच्याच पुढाकाराने २०१७ मध्ये चाचणी सुरू झाली. शिकागोतील रश आणि बोस्टनमधील हार्वर्ड विद्यापीठाची सार्वजनिक आरोग्य शाळा ही तिची दोन केंद्रे होती. चाचणी चालू असतानाच २०२० साली मॉरिस यांचे निधन झाले. निष्कर्षांचा शोधनिबंध लिसा बार्न्स व सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केला.

सहभागी ६५ वर्षांवरील होते. त्यांची बोधनक्षमता शाबूत होती, मात्र कुटुंबात स्मृतिभ्रंशाचा इतिहास होता, शरीरवस्तुमान निर्देशांक २५ पेक्षा अधिक होता आणि आधीचा आहार फारसा चांगला नव्हता. म्हणजे ज्यांना लाभ होण्याची शक्यता अधिक, अशांचीच निवड करण्यात आली होती. ६०४ जणांपैकी ३०१ माइंड आहाराच्या गटात आणि ३०३ नियंत्रण गटात नेमले गेले. दोन्ही गटांना आहारतज्ज्ञांचे मार्गदर्शन मिळाले आणि दोन्ही गटांना दररोज सुमारे २५० कॅलरी कमी घेण्यास सांगण्यात आले. माइंड गटाला ऑलिव्ह तेल, कवचफळे व ब्लूबेरी असे काही पदार्थही पुरवण्यात आले.

तीन वर्षांनंतर ९० टक्क्यांहून अधिक सहभागी चाचणीत टिकून होते. आहारविषयक चाचण्यांत एवढी चिकाटी दुर्मीळ असते. एकूण बोधनक्षमतेचा प्रमाणित गुणांक माइंड गटात ०.२०५ ने आणि नियंत्रण गटात ०.१७० ने वाढला. ०.०३५ हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय नव्हता. मेंदूच्या एमआरआय प्रतिमांतही दोन्ही गटांत भेद दिसला नाही. दोन्ही गटांचे वजन सरासरी पाच किलोच्या आसपास घटले होते.

निष्कर्षांचा अर्थ

एका बाजूला ५३ टक्के आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ शून्य, ही तफावत कशी समजून घ्यावी याविषयी मतभेद आहेत.

चाचणीच्या बाजूने बोलायचे तर यादृच्छिक नेमणुकीमुळे शिक्षण, उत्पन्न, व्यायाम, स्वभाव या साऱ्या गोष्टी दोन्ही गटांत सारख्या वाटल्या जातात. निरीक्षणात्मक अभ्यासात पालेभाजी, अक्रोड व ब्लूबेरी खाणारा मनुष्य बहुधा सुशिक्षित व सुस्थितीतला असतो, धूम्रपान करत नाही, डॉक्टरकडे वेळेवर जातो. संख्याशास्त्राने यांतील काही गोष्टी वजा करता येतात, सगळ्या नव्हेत. शिवाय ऐंशी वर्षांच्या व्यक्तीला गेल्या वर्षभरात आपण काय व किती वेळा खाल्ले ते आठवायला सांगायचे आणि त्याच उत्तरांवरून तिच्या स्मरणशक्तीचे भाकीत करायचे, यातली अडचण उघड आहे.

आणखी एक शक्यता उलट्या कार्यकारणभावाची. अल्झायमरच्या आजारात मेंदूतील बदल लक्षणे दिसण्याच्या दहा-वीस वर्षे आधी सुरू होतात. या काळात भूक, चव, खरेदी व स्वयंपाकाचा उत्साह हळूहळू घटतो. अशा व्यक्तीचा आहार निकृष्ट असेल, तर तो आजाराचे कारण नसून त्याची पहिली खूण असू शकतो. ब्रिटनमधील ‘व्हाइटहॉल २’ या सरकारी नोकरांच्या अभ्यासाने या शंकेला बळ दिले. त्यात ८,२२५ जणांच्या मध्यमवयातील आहाराची नोंद घेऊन सुमारे २५ वर्षे पाठपुरावा करण्यात आला. आहाराचा दर्जा आणि पुढील स्मृतिभ्रंश यांत संबंध आढळला नाही, असे २०१९ साली जाहीर झाले.

चाचणीच्या मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत. दशकानुदशके चालणाऱ्या प्रक्रियेच्या मानाने तीन वर्षे थोडी. नियंत्रण गट हा ‘जसे चालले आहे तसे’ खाणारा नव्हता. त्यालाही तज्ज्ञांचा सल्ला मिळाला, त्याचेही वजन उतरले. त्यामुळे चाचणीने माइंड आहाराची तुलना वाईट आहाराशी न होता कमी कॅलरींच्या देखरेखीखालील आहाराशी झाली. दोन्ही गटांचे गुण वाढले, यात त्याच त्या चाचण्या पुन्हा पुन्हा देण्याच्या सरावाचाही वाटा असतो. माइंड आहार निरुपयोगी आहे असे या चाचणीने सिद्ध केलेले नाही. उतारवयात, तीन वर्षांत, वजन घटवण्याच्या साध्या आहारापेक्षा तो मेंदूसाठी सरस ठरतो असे ती दाखवू शकली नाही, इतकेच तिच्यावरून म्हणता येते.

भूमध्य सागरी आहाराबाबत चित्र थोडे वेगळे आहे. स्पेनमधील ‘प्रेडिमेड’ चाचणीच्या बार्सिलोना येथील उपअभ्यासात सरासरी ६७ वर्षे वयाच्या ४४७ जणांपैकी काहींना घरासाठी आठवड्याला एक लिटर ऑलिव्ह तेल, काहींना दररोज ३० ग्रॅम कवचफळे देण्यात आली, तर उरलेल्यांना स्निग्धांश कमी करण्याचा सल्ला मिळाला. सुमारे चार वर्षांनंतर पहिल्या दोन गटांची बोधनक्षमता तिसऱ्या गटापेक्षा चांगली टिकलेली दिसली. मात्र ज्यांची अखेरची चाचणी होऊ शकली असे ३३४ जणच होते आणि मूळ प्रेडिमेड चाचणीचा मुख्य शोधनिबंध यादृच्छिक नेमणुकीतील दोषांमुळे २०१८ मध्ये मागे घेऊन दुरुस्त विश्लेषणासह पुन्हा प्रसिद्ध करावा लागला होता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्मृतिभ्रंशाचा धोका कमी करण्यासाठी भूमध्य सागरी धर्तीचा आहार सुचवता येईल, असे म्हटले आहे. ब आणि ई जीवनसत्त्वे, बहुअसंपृक्त मेदाम्ले किंवा अनेक घटकांच्या मिश्र गोळ्या मात्र या हेतूने देऊ नयेत, अशी शिफारस आहे. ‘लॅन्सेट’ नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे चौदा टाळता येण्याजोगे धोके नोंदवले. त्यांत उच्च रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा व वाढलेले एलडीएल कोलेस्टेरॉल आहेत, श्रवणदोष व दृष्टिदोष आहेत, पण आहार हा स्वतंत्र धोका म्हणून नाही. यादीतील काही धोक्यांमागे मात्र आहार असतो.

बहुविध उपायांचा भाग म्हणून

आहार एकटा न घेता व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाबादींची देखरेख यांच्याशी जोडण्याचा प्रयोग प्रथम फिनलंडमध्ये झाला. मिया किविपेल्टो यांच्या नेतृत्वाखालील ‘फिंगर’ चाचणीत ६० ते ७७ वर्षे वयाचे १,२६० जण होते. दोन वर्षांनी उपाययोजना झालेल्या गटाच्या बोधनक्षमतेतील सुधारणा नियंत्रण गटापेक्षा २५ टक्क्यांनी अधिक भरली. तिच्या धर्तीवर अमेरिकेत झालेल्या ‘यूएस पॉइंटर’ चाचणीत माइंड आहाराचा अवलंब करण्यात आला. २,१११ सहभागींच्या या चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये जाहीर झाले. दोन्ही गटांची बोधनक्षमता सुधारली, आणि नियमित बैठका व ठरावीक उद्दिष्टे असलेल्या गटाची सुधारणा स्वतःच्या मर्जीने चालणाऱ्या गटापेक्षा किंचित, पण लक्षणीय रीतीने अधिक होती. यात आहाराचा वाटा किती आणि व्यायामाचा किती, हे वेगळे काढता येत नाही.

वृद्धांसाठी सावधगिरी

माइंड आहाराची चाचणी स्थूल व्यक्तींवर झाली. अशक्त, कृश किंवा नकळत वजन घटत असलेल्या वृद्धाला त्यातील मर्यादा जशाच्या तशा लागू करणे घातक ठरू शकते. वयोमानाने स्नायू क्षीण होतात आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत वजन घटणे ही मोठी समस्या असते. अशा वेळी लोणी, चीज, अंडी, दूध यांतून मिळणारी ऊर्जा व प्रथिने तोडण्यापेक्षा पुरेसे खाल्ले जाणे अधिक महत्त्वाचे. कवळी नीट न बसणे, गिळण्याचा त्रास, एकट्याने जेवण्याचा कंटाळा ही कारणे आधी पाहावी लागतात.

वॉर्फरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्यांनी पालेभाज्या एकाएकी वाढवू नयेत, कारण त्यांतील जीवनसत्त्व के औषधाचा परिणाम कमी करते. प्रमाण रोज साधारण सारखे ठेवून डॉक्टरांना कळवणे हा मार्ग असतो. मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात पालेभाज्या, कडधान्ये व कवचफळे यांतील पोटॅशियमचा विचार करावा लागतो.

भारतीय संदर्भ

भारतातील साठ वर्षांवरील व्यक्तींपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख जण, स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असल्याचा अंदाज ‘लासी-डॅड’ या राष्ट्रीय पातळीवरील अभ्यासातून २०२३ साली मांडला गेला. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात अधिक आढळले.

माइंड आहाराचे गुणांकन अमेरिकी स्वयंपाकघर समोर ठेवून केलेले आहे. त्यातील बराच भाग मराठी जेवणात आधीपासून आहे. मेथी, पालक, चवळई, आंबट चुका, अळू, शेवग्याचा पाला या पालेभाज्या, ज्वारी-बाजरी-नाचणीच्या भाकऱ्या, मटकी-मुगाच्या उसळी आणि वरण हे सारे त्याच्या चौकटीत बसते. कोकण व गोव्यातील बांगडा आणि तारली हे मासे ओमेगा-३ मेदाम्लांनी समृद्ध आहेत, मात्र तळल्यास ते या गुणांकनात मोजले जात नाहीत. याउलट पांढरा भात, मैद्याचे पदार्थ, वडे-भजी, शेव-फरसाण आणि सणावारी होणारी मिठाई यांमुळे गुण घटतात. लोणची, पापड व सुकी मासळी यांतील मिठाची दखल गुणांकन घेत नसले, तरी रक्तदाबाच्या दृष्टीने ती घ्यावीच लागते.

काही घटकांना मात्र सरळ पर्याय नाही. जांभळे, करवंदे व आवळे यांत ब्लूबेरीप्रमाणे ऑक्सिडीकरणरोधक द्रव्ये असली, तरी वृद्धांच्या बोधनक्षमतेवरील त्यांच्या परिणामाचा ब्लूबेरीइतका अभ्यास झालेला नाही. त्यांना ‘देशी ब्लूबेरी’ म्हणून खपवणाऱ्या जाहिराती या पुराव्यापुढे धावतात. शेंगदाणा व करडईचे तेल ऑलिव्ह तेलाप्रमाणे प्रामुख्याने असंपृक्त आहे, पण त्याची बरोबरी चाचणीने तपासलेली नाही. खोबरेल तेल व तूप यांतील स्निग्धांश मुख्यतः संपृक्त असल्यामुळे आहाराच्या मूळ तर्कानुसार ते लोण्याच्या बाजूला पडतात. भुईमूग वनस्पतिशास्त्रानुसार कडधान्यांच्या कुळातला असला, तरी आहारशास्त्रात शेंगदाण्याची गणना बहुधा कवचफळांसोबत होते.

भारतीय शाकाहारी वृद्धाच्या दृष्टीने माइंड आहारातील सर्वांत मोठी पोकळी ब-१२ जीवनसत्त्वाची आहे. हे जीवनसत्त्व नैसर्गिकरीत्या केवळ प्राणिज पदार्थांतून मिळते. माइंड आहार घेणाऱ्या अमेरिकी व्यक्तीला ते मासे व कोंबडीतून मिळत असल्यामुळे गुणांकनात त्याची वेगळी काळजी घेण्याची गरज पडली नाही. तोच आहार शाकाहारी रूपात स्वीकारून वर दूध-पनीरही कमी केले, तर उरलासुरला स्रोतही आटतो. पुण्यातील केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे शहर, तेथील झोपडपट्ट्या आणि आसपासची खेडी येथील ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले गेले. त्यांपैकी ६७ टक्क्यांमध्ये ब-१२ ची पातळी कमी होती आणि ५८ टक्क्यांमध्ये होमोसिस्टीन हे द्रव्य वाढलेले होते. शाकाहार हे त्यामागील एक ठळक कारण आढळले.

ब-१२ च्या तीव्र कमतरतेमुळे विस्मरण, गोंधळ, उदासीनता, हातापायांना मुंग्या व चालताना तोल जाणे ही लक्षणे दिसतात. वृद्धांमध्ये ती सहज वार्धक्याच्या नावावर खपून जातात. अल्झायमरच्या आजारापेक्षा येथे फरक असा की, वेळीच ओळखल्यास गोळ्यांनी किंवा इंजेक्शनांनी ही हानी थांबते आणि बऱ्याचदा भरूनही येते. उशीर झाल्यास मज्जातंतूंची काही हानी कायम राहते. त्यामुळे स्मृतिभ्रंशाच्या तपासणीत ब-१२ ची रक्तचाचणी नेहमी केली जाते. ज्यांना कमतरता नाही अशांना ब जीवनसत्त्वे दिल्याने बोधनक्षमता सुधारते, असे मोठ्या चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात दिसलेले नाही. मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणारे, आम्लपित्तासाठी वर्षानुवर्षे ओमेप्राझोलसारखी औषधे घेणारे आणि वयोमानाने जठरातील आम्ल घटलेले वृद्ध यांच्यात हे जीवनसत्त्व अन्नातून नीट शोषले जात नाही. म्हणून अशा व्यक्ती मांसाहारी असल्या तरी त्यांच्या बाबतीत ही कमतरता संभवते.